ताप उतरला म्हणजे मूल बरे झाले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गडचिरोलीतील हिवतापावरचा कालचा लेख वाचून राहवले नाही. गोळ्या संपल्या, ताप उतरला, रुग्ण बरा, असे लेखक किती सहज लिहून गेले!

रोवणीच्या दिवसांत माझ्या पुतणीला ताप आला. रक्त तपासले, हिवतापाच्या परजीवीची फाल्सिपॅरम ही जात निघाली. तीन दिवसांच्या गोळ्यांनी ताप गेला. काही आठवड्यांनी पुन्हा हुडहुडी भरली, या खेपेस व्हायवॅक्स ही दुसरी जात. "परत डास चावला असेल," एवढेच उत्तर मिळाले. चावलाही असेल. पण दोन्ही परजीवी पहिल्यापासूनच अंगात असू शकतात. फाल्सिपॅरम जोरात असला की व्हायवॅक्स रक्तात दबून राहतो, तपासणीत निसटतो. यकृतात सुप्त बसलेल्या व्हायवॅक्सवर तर त्या तीन दिवसांच्या गोळ्या चालतच नाहीत. त्यासाठी जी-सिक्स-पीडी या रक्तपेशींतील विकराची (एन्झाइमची) कमतरता नाही ना हे पाहून १४ दिवस प्रायमाक्विन द्यावे लागते. ही शक्यता आम्हाला कोणी बोलूनही दाखवली नाही.

दुसऱ्यांदा ताप गेला तरी पोरगी पांढरीफटकच. हिवतापाने रक्त कमी झाले म्हणून टॉनिक लिहून दिले. आम्हीच हट्ट धरून शौच तपासून घेतले, तेव्हा अंकुशकृमीची (हुकवर्म या जंताची) अंडी सापडली. हा कृमी मातीतून अनवाणी पायांच्या कातडीतून शिरतो आणि आतड्याला चिकटून एकेक कृमी आपल्या प्रजातीप्रमाणे रोज ०.०३ ते ०.२ मिलिलीटर रक्त पितो. एक परजीवी रक्तपेशी फोडतो, दुसरा रक्त पितो. दहा-बारा वर्षांच्या मुलीच्या अंगात उरणार काय? शाळेत जंतनाशक गोळी वाटली तेव्हा ती तापाने घरी होती. आजारी मुलाला गोळी देत नाहीत, ते योग्यच. पण राहिलेली गोळी नंतर द्यायला कोणी फिरकले नाही. म्हणजे हिवतापामुळेच जंतांना मुक्काम वाढवून मिळाला.

हिवतापाचे रजिस्टर वेगळे, जंतांचे वेगळे, हत्तीरोगाचे आणखी वेगळे. ज्या मुलाला हिवताप निघतो आणि ज्याचे हिमोग्लोबिन कमी भरते, त्याचे शौचही तपासा, एवढीच माझी मागणी आहे. त्याला काही मोठे यंत्र लागत नाही. रक्ताची काच ज्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहता, त्याच्याखालीच ही अंडी दिसतात.

जाता जाता, लेखासोबत पायांवर पांढरे पट्टे असलेल्या डासाचे छायाचित्र छापले आहे. तो डेंग्यूचा, दिवसा चावणारा डास. हिवतापाचा अ‍ॅनोफिलिस संध्याकाळनंतर आणि रात्री चावतो. ते चित्र पाहून लोक दिवसा जपतील आणि रात्री मच्छरदाणीविना झोपतील. कृपया उद्याच दुरुस्ती छापावी.

– एक वाचक, जि. गडचिरोली