नातवाचं वजन पण वजनच असतं गं आई

प्रिय आई-बाबा,

फोनवर विषय काढला की आई "गॅसवर दूध आहे" म्हणून ठेवून देते आणि बाबा म्हणतात तुझ्या आईला विचार, म्हणून शेवटी लिहितेय.

जूनपासून पिल्लूला अर्धा दिवस पाळणाघरात घालायचं आम्ही नक्की केलंय. आई, तुझं काही चुकलं म्हणून नाही. पण बघ ना, सकाळी कोपरीतून निघायचं, ठाण्याहून ऐरोलीची ट्रेन, त्या वेळेला आयटी पार्कवाल्यांची सगळी गर्दी, बसायला मिळत नाही, उतरलं की परत जिने, आणि मग 11 किलोचं पोरगं कडेवर कारण खाली ठेवलं की भोकाड पसरतं. डॉक्टर म्हणाले वजन उचलू नका तर तू त्यांनाच सांगतेस, नातवाचं कसलं वजन! असतं गं आई.

आणि हे काय आजचं आहे का. मी दहावीला होते तेव्हा आजी अंथरुणाला खिळलेली, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा, अलार्म लावून तूच उठायचीस आणि सकाळी डबे करून ऑफिसला पळायचीस. आत्या रविवारी यायच्या, सफरचंदं आणि सल्ले देऊन जायच्या (असो). माझ्या वेळी तुला बाळंतपणाची रजा 12 आठवडे, ती संपल्यावर मला आजीनेच सांभाळलं, म्हणून तिचं सगळं केलंस हे कळतं मला. मला 2017 ला रजेचा कायदा बदलल्यामुळे 26 आठवडे मिळाले, तरी पुढे तूच आलीस. पण मी तुझं काही करायच्या आधीच तू माझ्या पोरापायी गुडघे घालवून बसणार, हे कुठलं गणित?

बाबा, तुम्ही नेहमीसारखे मध्ये पडणार नाही माहितीये. पण माझ्या लंगोटाला कधी हात न लावलेला माणूस रिटायर झाल्यावर डायपर बदलायला शिकला, त्यामुळे तुमच्याकडून आशा आहे.

दुपारी एकला त्याला घ्यायला तुम्हीच यायचं. तेव्हा ट्रेन रिकामी असते आणि पाळणाघर आमच्या मागच्याच बिल्डिंगमध्ये आहे, तो चालत येईल, उचलायचं नाही. भरवणं, झोपवणं तुझ्याकडेच, वरणभात तो दुसऱ्या कुणाच्या हातचा खातच नाही.

न्यायला येणाऱ्यांचे फोटो लागतात फॉर्मवर, तर दोघांचे पासपोर्ट साइझ आणि आधारची झेरॉक्स रविवारी काढून ठेवा. आईचा तो जुना ब्लॅक अँड व्हाइट नको, त्यावरून तिला कोणी पोरगं देणार नाही.

तुमची,
ताई