फर्मेंटरचा व्हॉल्व उघडा, आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर अजिबात नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत घरी बिअर बनवण्याच्या छंदावर आलेला लेख मी दोनदा वाचला, पहिल्यांदा आनंदाने आणि दुसऱ्यांदा कपाळाला हात लावून. माल्ट कुठलं घ्यायचं, हॉप्स (कडवटपणा देणारी फुलं) कधी टाकायचे, यीस्टला किती तापमान मानवतं, सगळं छान लिहिलंय, आणि फर्मेंटरच्या, म्हणजे बिअर आंबवायच्या टाकीच्या, सफाईला मात्र एक ओळ. गरम पाण्याने धुवा, वास राहिला तर ब्लीच आणि थोडं व्हिनेगर वापरा. झालं. वर फोटो कसला, तर चकचकीत स्टीलच्या कोनिकल, म्हणजे शंकूसारख्या तळाच्या, फर्मेंटरचा, ज्याला खाली दोन-दोन व्हॉल्व असतात आणि जो नुसत्या गरम पाण्याने कधीच स्वच्छ होत नाही.

आधी ब्लीचचं बोलतो कारण तिथे नुसती बिअर नाही, माणूस बिघडू शकतो. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा कुठलंही आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो आणि माणूस तेव्हा नेमका कशात वाकून बघत असतो, तर बंदिस्त टाकीत. त्यात बहुतेक बिअरचे सॅनिटायझर स्वतःच आम्ल असतात, म्हणजे आधी ब्लीच मारलं, नीट धुतलं नाही आणि वर सॅनिटायझर ओतलं तरी तोच प्रकार. शिवाय ब्लीचमधलं क्लोराइड स्टेनलेस स्टीलचं वाटोळं करतं, बारीक बारीक खड्डे पडतात आणि त्या खड्ड्यांत जंतूंना कायमचं घर मिळतं. आणि मागे राहिलेलं क्लोरीन बिअरमधल्या फेनॉलशी जुळलं की जो वास येतो तो दवाखान्यातल्या पट्टीचा, अगदी नखाएवढं क्लोरीन पुरतं त्याला. तेव्हा एवढी दुरुस्ती तरी छापा ही कळकळीची विनंती.

आता माझी रडकथा. गेली सहा वर्षं मी हा उद्योग करतोय (जिथे कायद्याने चालतं तिथेच करावा, हेही लेखात हवं होतं). पहिली चार वर्षं प्लास्टिकची बादली होती, मग हौसेने कोनिकल घेतला. पहिल्या दोन बॅच मस्त. तिसरी जरा आंबटसर, मी म्हटलं यीस्ट जुनं असेल. चौथी जास्त आंबट आणि वरून लोण्यासारखा वास, मी म्हटलं तापमान चुकलं. पाचवीवर तर शब्दशः विरजण पडलं, कारण लॅक्टोबॅसिलस म्हणजे त्याच खानदानातले जंतू ना. दर वेळी टाकी मी अशी घासायचो की आत तोंड दिसावं. टॉर्च मारून बघायचो, एक डाग नाही. मग हे येतंय कुठून?

सहाव्या बॅचच्या आधी वैतागून खालचा बॉल व्हॉल्व पाना लावून पूर्ण खोलला. तीन तुकडे झाले, आणि बॉल आणि बाहेरच्या बॉडीच्या मधे जी पोकळी असते तिथून बोटभर मळकट, चिकट लगदा निघाला, वरून तपकिरी आणि आतून पिवळसर, आणि वास असा की मी खिडकी उघडली. बॉल व्हॉल्वची रचनाच तशी आहे, उघडा असताना द्रव बॉलच्या भोकातून जातो आणि बंद करताना थोडासा त्या पोकळीत अडकतो. तुम्ही वरून कितीही पाणी सोडा, ते भोकातून सरळ निघून जातं, पोकळीतल्या मालाला हात लागत नाही. म्हणजे पाच बॅचचा साका तिथे सुखाने नांदत होता आणि दर वेळी नव्या वॉर्टला, म्हणजे अजून न आंबलेल्या गोड माल्टच्या पाण्याला, प्रसाद देत होता. ज्याने मला टाकी विकली त्याने हे सांगितलं नव्हतं, सोबतच्या माहितीपत्रकातही 'वेळोवेळी स्वच्छ करा' एवढंच.

कोनिकलचं आकर्षण काय असतं, तर खालचा 60 अंशांचा शंकू. यीस्ट आणि गाळ घसरून खाली जमतो आणि व्हॉल्व उघडून काढता येतो. मोठ्या कारखान्यांत या आकाराच्या टाक्या विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लिओपोल्ड नाथानच्या कल्पनेतून आल्या, घरगुती त्याचीच छोटी आवृत्ती. पण कारखान्यात पंप, आतून पाणी फवारणारा स्प्रे बॉल, गरम कॉस्टिक सोड्याची टाकी सगळं जोडलेलं असतं, आपल्याकडे दोन हात आणि एक ब्रश. घाण खाली जमणं हा फायदा आहे खरा, पण म्हणजेच सगळ्यात घाणेरडी जागा आणि सगळ्यात कठीण जागा एकच, तो खालचा व्हॉल्व.

आता मूळ मुद्दा, जो लेखातून पूर्ण सुटला. धुणं वेगळं आणि सॅनिटाइज करणं वेगळं. धुणं म्हणजे मळ काढणं, सॅनिटाइज म्हणजे स्वच्छ पृष्ठभागावरचे जंतू इतके कमी करणं की यीस्टला मैदान मोकळं मिळावं. सगळे जंतू मारणं हा प्रकार तिसराच, तो घरी जमत नाही आणि लागतही नाही. पण मळावर सॅनिटायझर ओतणं म्हणजे चिखलावर अत्तर. जंतू चिकट थर करून राहतात, वरचे मरतात आणि खालचे मजेत. आणि हे थंड बाजूलाच, म्हणजे उकळून थंड झालेलं वॉर्ट ज्याला लागतं त्या सामानालाच लागू, उकळायच्या भांड्याला साबण-पाणी बास कारण तिथे सगळं नंतर उकळतंच. वॉर्ट थंड झालं की ते गोड, कोमट आणि निराधार असतं, पहिला जो पोचेल त्याचं. यीस्टने ताबा घेतला की आम्लता वाढते, अल्कोहोल येतं, हॉप्स आधीपासून असतातच, मग बाकीच्यांचं फारसं चालत नाही. पाश्चरने 1876 साली बिअर बिघडण्यामागे जंतू असतात हे लिहून ठेवलंय, दीडशे वर्षं झाली, आपण अजून गरम पाण्यावरच.

मी आता काय करतो ते सांगतो, घाई असेल त्यांनी हे तरी वाचावं. बिअर काढली की लगेच, म्हणजे त्याच दिवशी, आधी उरलेला दाब सोडायचा आणि मगच क्लॅम्पला (सांधे आवळून धरणाऱ्या कड्याला) हात लावायचा. दाब असताना ट्राय-क्लॅम्प खोललं तर झाकण तोंडावर येऊ शकतं, हे गमतीत घेऊ नका. आत कार्बन डायऑक्साइड साठलेला असतो, तेव्हा डोकं आत घालायचं नाही. पहिलं पाणी कोमट, त्याने साका निघून जातो, कढत पाणी सुरुवातीला नकोच कारण प्रोटीन शिजून चिकटतं. मग अल्कलाइन क्लीनर. पीबीडब्ल्यू नावाची पावडर प्रसिद्ध आहे, नाहीतर सुगंध नसलेली सोडियम परकार्बोनेटची पावडर, पाण्यात पडली की सोडा आणि हायड्रोजन पेरॉक्साइड सुटतं, दोघं मिळून मळ सोडवतात. मी लिटरला 8 ग्रॅमच्या आसपास घेतो, पाणी साधारण 60 अंश, आणि अर्धा-पाऊण तास ठेवतो. वर जे तपकिरी कडं पडतं ना, फेस चढून वाळलेलं, ते याने फडक्याने पुसलं जातं, खरवडावं लागत नाही. एकच, ही पावडर घातल्यावर टाकी घट्ट बंद करायची नाही, ऑक्सिजन सुटून दाब चढतो. आणि पाणी जड असेल तर रात्रभर ठेवलं की पांढरा थर बसतो, तो परत आम्लाने काढत बसा. हो, पावडर पाण्याने पूर्ण धुऊन निघाल्यावर.

घासायला मऊ फडकं नाहीतर मऊ स्पंज. तारेची घासणी दिसली की मला राग येतो, कारण स्टेनलेस स्टील चमकतं म्हणून टिकत नाही, त्याच्यावर क्रोमियम ऑक्साइडचा पातळसा थर असतो म्हणून टिकतं. तारेने ओरखडे पडतात आणि तारेतलं लोखंड स्टीलमध्ये रुतून बसतं, मग तिथून गंज. नवीन टाकी आली की कारखान्यातलं तेल आधी अल्कलाइन क्लीनरने काढायचं, मग सायट्रिक आम्लाच्या गरम द्रावणाने एकदा धुवायचं, म्हणजे तो थर नीट बसतो. मी नवीन असताना हे केलं नव्हतं, आता वेल्डच्या रेषेवर एक चहाच्या रंगाचा डाग आहे, रोज मला टोमणे मारतो.

कॉस्टिक सोड्याचं काही लोक फार कौतुक करतात. घरी नको. डोळ्याला आणि कातडीला भाजतो, ॲल्युमिनियम खातो, आणि टाकीत कार्बन डायऑक्साइड असेल तर तो शोषून घेतो, म्हणजे बंद टाकीत हवा कमी होते आणि पातळ पत्र्याची टाकी आत चेपू शकते. गरम पाणी भरून झाकण लावून लगेच थंड केलं तरी तेच होतं. झाकण उघडं ठेवलं की प्रश्न मिटला, एवढीशी गोष्ट.

मग व्हॉल्व. दर बॅचनंतर खोलायचा, दर बॅचनंतर, तीन महिन्यांनी नाही. सगळे तुकडे क्लीनरमध्ये भिजवून ब्रशने, मग स्टीलचे भाग पंधरा मिनिटं उकळत्या पाण्यात. पहिल्यांदा खोलताना मोबाइलवर फोटो काढा, मी काढला नाही आणि एक वॉशर शिल्लक राहिला, तो कुठला ते कळायला दोन तास गेले. बटरफ्लाय व्हॉल्वला (ज्यात बॉलऐवजी फिरती चकती असते) अशी पोकळी नसते म्हणून तो बरा, पण त्याच्या रबरी सीटच्या कडेलाही मळ बसतोच. गास्केट, म्हणजे सांध्यातली रबरी कडी, काढून बघायचं, आतल्या कडेला तपकिरी रेघ असेल तर तीच शत्रू. सिलिकॉनचं गास्केट वास धरून ठेवतं, दोन-चार जादाची घेऊन ठेवा आणि शंका आली की फेका. नमुना काढायच्या छोट्या नळीच्या तोंडात वॉर्टचे दोन थेंब राहतात, ते विसरू नका. थर्मोवेलची, म्हणजे तापमापक घालायची, नळी जिथून आत जाते त्याच्या मागची बाजू, आणि झाकणाची खालची बाजू, स्प्रे कितीही मारा, सावलीत राहते.

स्वच्छ झालं की नाही याची माझी चाचणी साधी, आतून पाणी सोडायचं आणि बघायचं. पाणी सलग पडद्यासारखं उतरलं तर पृष्ठभाग स्वच्छ, थेंब थेंब होऊन थबकलं तर अजून तेलकटपणा आहे, परत क्लीनर. आणि धुऊनही हाताला खरखरीत राखाडी-पिवळा थर लागत असेल तर तो बहुधा बीअरस्टोन, म्हणजे कॅल्शियम ऑक्झलेट, त्याला अल्कलाइन क्लीनर फारसा जुमानत नाही, आम्लाचाच क्लीनर लागतो.

सॅनिटाइज शेवटी, आणि वॉर्ट भरायच्या आधी, आठवडाभर आधी नाही. मी स्टार सॅन नावाचं सॅनिटायझर वापरतो, त्यात फॉस्फोरिक आम्ल असतं, लिटरला साधारण दीड मिली, दोन मिनिटं ओलं राहिलं की काम होतं आणि परत धुवायचं नाही. फेस राहतो, तो राहू द्या, लोक फेस बघून घाबरून नळाच्या पाण्याने खळखळून धुतात आणि सगळ्या मेहनतीवर पाणी फिरवतात, हेही शब्दशः. द्रावण शुद्ध पाण्यात केलं तर बरेच दिवस टिकतं, पीएचची पट्टी बुडवून बघायची, 3 किंवा त्याखाली असेल तर चालतंय. आयोडीनवाला सॅनिटायझर, आयोडोफोर, तोही चालतो, फक्त प्लास्टिकला डाग पडतात. तीन-चार लिटर द्रावण टाकीत घालून झाकण लावून चोहीकडे फिरवायचं, मग खालचा व्हॉल्व उघडून ते त्यातूनच काढायचं, बाजूच्या नळीतूनही थोडं. व्हॉल्वमधून द्रावण गेलं नाही तर केलं ते निम्मंच. आणि जोडणी झाल्यावर आधी साध्या पाण्याने गळती बघा, वॉर्ट भरल्यावर क्लॅम्प गळायला लागला की पाना हातात घेऊन फरशीवर झोपावं लागतं, अनुभव आहे.

व्हॉल्व नीट धुतल्यापासून माझ्या अकरा बॅच झाल्या, एक बिघडली आणि ती मी नमुना काढल्यावर नळीचं तोंड पुसलं नाही म्हणून, ते मलाच माहीत होतं काढताना, आळस केला. टाकी आता रिकामी असताना झाकण आणि व्हॉल्व उघडे ठेवून कोरडी वाळवतो, सगळे तुकडे चाळणीत वाळत असतात आणि घरातल्यांना ती चाळणी नेमकी तेव्हाच हवी असते.

पत्र लांबलंय, मला कळतंय. कापायचं असेल तर तारेच्या घासणीचं आणि माझ्या वॉशरचं खुशाल कापा, पण ब्लीच-व्हिनेगरचा परिच्छेद ठेवा, आणि शक्य असेल तर लेख आला होता त्याच पानावर छापा.

आपला,
एक नियमित वाचक