कोंबड्या जगल्या, बदकं गेली

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वायंगणाची (उन्हाळी भाताची) कापणी उरकली आणि त्याच आठवड्यात माझी बदकं मरायला लागली. बत्तीस खाकी कॅम्पबेल होती, पाच दिवसांत तेवीस गेली. पहिल्या दिवशी एक बदक मांगराच्या (शेतातल्या खोपीच्या) कोपऱ्यात काळोखात तोंड खुपसून बसलं होतं. उजेडात आणलं की डोळे मिटून घेई. दुसऱ्या दिवशी आणखी सहा तशीच. पापण्या चिकटलेल्या, पंख खाली सांडलेले, मागची पिसं हिरवट पाण्याने बरबटलेली, आणि तहान एवढी की घमेल्यावरून हलेनात. अंडी त्याआधीच निम्म्यावर आली होती. ऊन वाढलंय म्हणून असेल, असं म्हणून मी ते सोडून दिलं.

गावात अर्थातच 'बर्ड फ्लू'ची बोंब उठली. लोकांना दोष देत नाही. बर्ड फ्लूने मेलेले दापोलीचे कावळे (२०२१) आणि त्याच रोगाची उरणच्या चिरनेरमधली साथ (२०२५) कोण विसरलंय? पण शेजारच्या काकीने कुंपणावरून विचारलं, "कोंबडी सगळी धडधाकट आसत, मगे बदकांकच काय झाला?" तिच्या कोंबड्या माझ्या बदकांच्याच घमेल्यात पाणी पीत होत्या. बर्ड फ्लू किंवा राणीखेत (कोंबड्यांचा साथीचा रोग) असता, तर आधी त्याच आडव्या झाल्या असत्या.

काकीचा तर्क बरोबर निघाला. डॉक्टरांनी मास्क-हातमोजे घालून एक बदक उघडलं. अन्ननलिकेत आतून पिवळट खपल्यांच्या रेघा, यकृतावर टाचणी टोचल्यासारखे ठिपके. हा डक प्लेग, म्हणजे हर्पिस कुळातल्या विषाणूचा रोग. नमुने प्रयोगशाळेत गेले, अहवालही तोच आला. नेदरलँड्समध्ये १९२३ साली हा पहिल्यांदा नोंदला गेला आणि आपल्या देशात साठच्या दशकापासून आहे. बदकं, हंस अशा पाणपक्ष्यांना होतो. कोंबड्यांना नाही, माणसांना तर नाहीच.

बदकं टेम्पोवाल्याकडून घेतली होती. "लस झालेली आहे," असं तो म्हणाला होता. नंतर कळलं, ती राणीखेतची लस. डक प्लेगला तिचा काडीचा उपयोग नाही. त्याची लस वेगळी. पिल्लं दोनेक महिन्यांची झाली की टोचायची आणि मग दरवर्षी. केरळात कुट्टनाडच्या शेतांतून बदकांचे मोठाले कळप फिरतात, तिथे पालोडची सरकारी संस्था ती तयार करते. आमच्याकडच्या दवाखान्यात उत्तर मिळालं, "मागणी नाही, म्हणून मागवत नाही." ज्याला रोगाचं नावच माहीत नाही, तो मागणी कशी करणार?

एक अडचण खरी आहे. कुपीत कळपापुरत्या मात्रा असतात, ती विरघळवली की काही तासांत संपवावी लागते, आणि आपल्याकडे एकेका घरात दहा-पंधरा बदकं. मग आठवडी बाजाराचा एक दिवस ठरवा ना. बर्फाचा डबा घेऊन डॉक्टर बसले, तर चार वाड्यांची बदकं आम्ही टोपलीत घालून आणू. बाहेरून बदकं विकायला येणाऱ्याकडे या लसीचा दाखला पाहायलाही काय हरकत आहे?

माझी चूकही लिहितो. पहिली दोन मेलेली बदकं मी व्हाळात (ओढ्यात) टाकली. आमच्याकडे तशीच रीत आहे. हा रोग मुख्यतः पाण्यातूनच पसरतो, हे नंतर समजलं. खालच्या वाडीत आठ दिवसांनी बदकं मेली. ती माझ्यामुळेच, असं सिद्ध करता येणार नाही, पण तिकडून जाताना माझी मान वर होत नाही. बाकीची खड्डा खणून चुन्यात पुरली. जनावरांच्या साथरोगांवरच्या २००९च्या कायद्याच्या यादीत हा रोग आहे आणि मालकाने ग्रामपंचायतीला कळवायचं असतं. मी कळवायला गेलो, तर "बर्ड फ्लू नाही ना? मग राहू दे," म्हणाले.

उरलेली नऊ आता धडधाकट दिसतात. पण वाचलेलं बदक वर्षानुवर्षं विषाणू बाळगू शकतं, म्हणून ती बांधावर सोडत नाही. मळ्याच्या पलीकडे अडईचे (रानबदकांचे) थवे उतरतात, त्यांच्यातही तो जाऊ शकतो. परवा एक जण जोडी मागायला आला. मी दिली नाही, कारणही सांगितलं. त्याला वाटलं, मी भाव वाढवतोय. संध्याकाळी त्याने नाक्यावर त्याच टेम्पोतून सहा बदकं घेतली.

– एक बदकपालक, सिंधुदुर्ग