चेक बँकेने घोळात घालायचा आणि खेटे ग्राहकाने घालायचे, हे कुठवर?

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

‘आता चेक कोण वापरतं’ असं म्हणणारे खूप भेटतात. पण फंडाचे पैसे, इन्शुरन्सचा क्लेम, कुणाकडे अडकलेलं डिपॉझिट, जुन्या ऑफिसची थकबाकी अशा रकमा अजूनही बऱ्याचदा चेकनेच हातात पडतात, आणि त्या मोठ्या असतात म्हणूनच कुठे माशी शिंकली की झोप उडते. माझ्या बाबतीत तेच झालं. जुन्या ऑफिसने थकबाकीचा चेक दिला, मी बँकेत भरला, आणि पैसे आलेच नाहीत. बँकेचं नाव लिहित नाही, कारण हे कुठल्याही बँकेत होऊ शकतं आणि मला कुणाची बदनामी करायची नाही, पण यातून जे नियम कळले ते तुमच्या वाचकांपर्यंत जावेत असं फार वाटतं म्हणून हा पत्रप्रपंच.

चेक अकाउंट पेयी होता, मागे खातं नंबर आणि मोबाइल नंबर लिहिलेला, स्लिप नीट भरलेली. काउंटरवर द्यायला गेलो तर ‘चेक आम्ही हातात घेत नाही, पेटीत टाका’ म्हणाले, म्हणून पेटीत टाकला. पैसे दिसेनात म्हणून पुन्हा गेलो तर त्याच काउंटरवरून प्रश्न आला, ‘पोच आहे का?’ अहो, पेटी पोच देते का कधी? तुम्हीच पेटीत टाकायला लावायचं आणि वर तुम्हीच पोच मागायची.

नंतर वाचलं तेव्हा कळलं की रिझर्व्ह बँकेने याबद्दल फार आधीपासून स्पष्ट सांगून ठेवलंय. ड्रॉप बॉक्सची सोय द्या, पण काउंटरवर चेक घेऊन पोच द्यायची सोयही ठेवलीच पाहिजे, ग्राहकाने काउंटरवर चेक दिला तर पोच द्यायला कुठलीही शाखा नकार देऊ शकत नाही, आणि काउंटरवर देऊन पोच घेता येते हे पेटीवर ग्राहकाला दिसेल असं लिहिलेलं पाहिजे. आमच्या शाखेतल्या पेटीवर तसलं काही दिसलं नाही. पेटीवर ‘चेक’ एवढंच लिहिलंय आणि खाली कर्जाच्या जाहिरातीचं स्टिकर आहे, ते मात्र अगदी ठळक.

असो. ‘चेक आमच्याकडे आलाच नाही’ हे बँकेचं पहिलं उत्तर. इथे बहुतेक जण गडबडून जातात आणि चेक देणाऱ्याकडे ‘दुसरा चेक द्या हो’ म्हणून धावतात. माझंही तेच चाललं होतं, पण जुन्या ऑफिसमधल्या अकाउंट्सच्या बाईंनी एक शहाणपणाची गोष्ट केली, त्या म्हणाल्या थांबा आधी आमचं स्टेटमेंट बघते. त्यांनी चेकचा सहा आकडी नंबर घालून बघितलं आणि म्हणाल्या, अहो हा तर केव्हाच क्लिअर झालाय, आमच्या खात्यातून पैसे गेलेत! सगळं प्रकरण इथूनच फिरलं. माझं तर मत असं आहे की चेक हरवलाय असं वाटलं की सगळ्यात आधी हाच एक प्रश्न विचारायचा, देणाऱ्याच्या खात्यातून पैसे गेलेत की नाही. गेले असतील तर चेक हरवलेला नाहीच, पैसे भलतीकडे जमा झालेत किंवा बँकेच्या सस्पेन्स खात्यात, म्हणजे कुणाचे ते न कळलेले पैसे तात्पुरते ठेवायच्या खात्यात, लोळत पडलेत. गेले नसतील तर कागद खरंच गहाळ झालाय आणि मग वाट वेगळी, त्याबद्दल पुढे लिहितो.

पैसे गेलेत म्हटल्यावर पुढचा शोध सोपा असतो, हे मला माहीतच नव्हतं. हल्ली चेकचा कागद एका बँकेतून दुसऱ्या बँकेत जात नाही. सीटीएस म्हणून पद्धत आहे, ती २००८ साली दिल्लीत सुरू झाली आणि नंतर देशभर पसरली, त्यात चेक भरून घेणारी बँक तो स्कॅन करते आणि फक्त इमेज पुढे पाठवते, कागद तिच्याकडेच राहतो. इमेज तीन असतात, पुढच्या बाजूच्या दोन आणि मागच्या बाजूची एक. ही मागची इमेजच कामाला आली. ऑफिसच्या लोकांनी त्यांच्या बँकेकडून इमेज मागवली आणि त्यात मागच्या बाजूला माझ्याच अक्षरातला माझा खातं नंबर, मोबाइल नंबर आणि माझ्याच शाखेचा शिक्का, सगळं स्वच्छ दिसत होतं. म्हणजे जो चेक ‘आलाच नाही’ तो आला होता, स्कॅन झाला होता, त्यावर शिक्का पडला होता आणि पैसेही येऊन गेले होते!

ती प्रिंट माझ्या शाखेतल्या साहेबांच्या टेबलावर ठेवली तेव्हा त्यांचा सूर एकदम बदलला. मग सिस्टिममध्ये शोधाशोध झाली आणि निघालं काय, तर खातं नंबर टाइप करताना शेवटचे दोन आकडे उलटसुलट झाले होते आणि पैसे दुसऱ्याच कुणाच्या खात्यात जमा झाले होते. टायपिंगची चूक माणसाकडून होते, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, त्या टेबलवरच्या मुलावर किती काम असतं ते दिसतंच. पण अकाउंट पेयी चेक ज्याच्या नावाचा आहे त्याच्याच खात्यात जमा व्हायला हवा हा मूळ नियम आहे ना? नंबर टाकल्यावर स्क्रीनवर खातेदाराचं नाव येतं, ते चेकवरच्या नावाशी जुळवून बघायचं एवढंच काम होतं. १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टमध्ये कलम १३१ आहे, त्यात चेक वसूल करणाऱ्या बँकेला संरक्षण दिलंय पण ते कधी, तर तिने चांगल्या हेतूने आणि निष्काळजीपणा न करता काम केलं असेल तेव्हा. नाव न बघता पैसे जमा करणं याला निष्काळजीपणा म्हणायचं नाही तर काय म्हणायचं.

आता खरा राग कशाचा आला ते सांगतो. चूक सापडली, कबूल झाली, मग पैसे लगेच मिळायला नकोत का? तर म्हणे, ‘ज्यांच्या खात्यात गेलेत त्यांनी काही रक्कम काढलीये, त्यांच्याकडून आली की तुम्हाला देऊ.’ म्हणजे माझे पैसे बँकेने तिसऱ्याच माणसाला दिले आणि तो देईल तेव्हा मी घ्यायचे! चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच. चुकून मिळालेले पैसे परत करायला तो माणूस बांधील आहे, १८७२ च्या कॉन्ट्रॅक्ट ॲक्टच्या कलम ७२ मध्ये तसं सरळ लिहिलंय, पण ती वसुली हा बँकेचा आणि त्या ग्राहकाचा आपसातला मामला झाला. माझा व्यवहार बँकेशी आहे, माझ्या नावाच्या चेकचे पैसे तिने वसूल केलेत, ते तिने मला द्यायचे. हे तोंडी कितीही सांगितलं तरी ‘वर विचारतो’ यापलीकडे काही होईना, टोलवाटोलवी नुसती. शेवटी हेच सगळं साध्या भाषेत लिहून, सोबत इमेजची प्रिंट लावून, शाखेत दिलं आणि त्या अर्जावर मात्र शिक्का मारून पोच घेतली, वर तोच मजकूर बँकेच्या तक्रार निवारणाच्या मेलवर पाठवला आणि तक्रार क्रमांक घेतला. मग चक्रं हलली, आणि त्या दुसऱ्या ग्राहकाचं काय झालं ते न सांगता पैसे माझ्या खात्यात आले. तोंडी बोलणं हवेत जातं साहेब, आणि शाखेतला माणूस बदलून गेला की तर विचारूच नका.

इतक्यावर बरेच जण सुटकेचा श्वास टाकून घरी जातात. मी स्टेटमेंट काढलं. पैसे आले होते पण ज्या दिवशी चूक दुरुस्त केली त्या दिवसाच्या तारखेने. मधल्या काळाचं व्याज? ते कुणी बोलतच नव्हतं. सेव्हिंग खात्याचं व्याज १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिल्लकेवर मोजतात, म्हणजे पैसे कुठल्या तारखेने जमा धरले याला महत्त्व आहे. अशा वेळी ‘व्हॅल्यू डेट’ मागायची असते, म्हणजे एन्ट्री आज केली तरी पैसे मूळ ज्या दिवशी यायला हवे होते त्या दिवसापासून धरायचे. आणि त्या मधल्या काळात शिल्लक कमी पडली म्हणून कर्जाचा हप्ता परत गेला असेल, त्याचा दंड लागला असेल, मिनिमम बॅलन्सचा चार्ज कापला असेल, तर तोही परत मागायचा कारण मूळ चूक त्यांची. माझा एक हप्ता असाच बाउन्स झाला होता, त्याचे चार्जेस माझ्या बँकेने उलटवले पण ज्यांचं कर्ज आहे त्यांच्याकडचा दंड मिळवायला बँकेकडून ‘चूक आमची’ असं लेटरहेडवर लिहून घ्यावं लागलं. ते पत्र देताना साहेबांचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. प्रत्येक बँकेची चेक कलेक्शन पॉलिसी आणि कॉम्पेन्सेशन पॉलिसी असते, वेबसाइटवर कुठेतरी तळाला असते, उशिरा जमा झालेल्या चेकवर किती दराने व्याज ते त्यात लिहिलेलं असतं. पॉलिसी स्वतः प्रिंट काढून न्यावी हे बरं, शाखेत विचारलं तर एकमेकांच्या तोंडाकडे बघतात.

आता चेक खरोखर गहाळ झाला असेल, म्हणजे देणाऱ्याच्या खात्यातून पैसे गेलेच नसतील, तर काय ते लिहितो. पहिल्यांदा देणाऱ्याला सांगून जुन्या चेकचं स्टॉप पेमेंट, म्हणजे ‘हा चेक वटवू नका’ अशी त्याच्या बँकेला सूचना, करून घ्यायचं, नंतरच दुसरा चेक घ्यायचा. उलटं केलं तर जुना चेक कुठल्या तरी ट्रेमधून उगवतो आणि वटतो, मग दोघांच्या डोक्याला ताप. शिवाय चेक त्यावरच्या तारखेपासून तीनच महिने चालतो, २०१२ च्या एप्रिलपूर्वी सहा महिने चालायचा आणि अनेकांच्या डोक्यात अजून तेच बसलंय, त्यामुळे ‘बघू, सापडेल’ म्हणत बसायची सोय नाही. आणि मुख्य म्हणजे चेक बँकेकडे असताना किंवा वाटेत हरवला तर बँकेने तसं ग्राहकाला ताबडतोब कळवायचं, आणि डुप्लिकेट चेक मिळवायला जो खर्च येईल तो आणि त्यात जो वाजवी उशीर होईल त्याचं व्याज बँकेने द्यायचं, जबाबदारी ग्राहकाची नाही, हेही रिझर्व्ह बँकेने लिहून ठेवलंय. प्रत्यक्षात स्टॉप पेमेंटचे पैसे बिचारा चेक देणारा भरतो आणि वर आपल्याला ऐकवतो.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा दिलेलं पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे, म्हणजे बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं. त्याला पैसे पडत नाहीत, वकील लागत नाही, रिझर्व्ह बँकेच्या सीएमएस या तक्रारींच्या वेबसाइटवर तक्रार टाकायची आणि ज्यांना ते जमत नाही त्यांच्यासाठी १४४४८ हा नंबर आहे. पण आधी बँकेकडे लेखी तक्रार केलेली असली पाहिजे, थेट गेलात तर परत पाठवतात, म्हणून तो शिक्क्याचा अर्ज जपून ठेवायचा. मला तिथवर जावं लागलं नाही, पण त्या अर्जात शेवटी ‘अन्यथा लोकपालाकडे जाईन’ ही ओळ होती आणि माझा संशय आहे की सगळा अर्ज कुणी वाचला नसेल पण ती ओळ वाचली.

एक गोष्ट अजून खटकते. ऑक्टोबर २०२५ पासून चेक क्लिअरिंग दिवसभर चालू असतं, ठरलेल्या वेळेत पाठवलेला चेक त्याच दिवशी संध्याकाळी ७ पर्यंत मान्य की अमान्य ते समोरच्या बँकेने सांगायचं, नाही सांगितलं तर तो मान्य धरला जातो. वेग वाढला ते उत्तमच. पण वेग वाढला म्हणजे चुकीच्या खात्यात पैसेही तितक्याच वेगाने जाणार आणि तितक्याच वेगाने काढलेही जाणार, तिथे नाव जुळवून बघायची जबाबदारी अजून टेबलवरच्या माणसाच्या डोळ्यांवरच सोडलेली असेल तर कसं व्हायचं? माझ्या चेकच्या वेळी नाव का बघितलं गेलं नाही हे मी लेखी विचारलं होतं. त्याचं उत्तर आलं ते असं, ‘आपल्या खात्यात रक्कम जमा करण्यात आली आहे, सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे.’

पत्र लांबलं, माफ करा. जागा कमी असेल तर माझी हकीकत खुशाल कापा, पण काउंटरवर चेकची पोच द्यावीच लागते हा नियम तेवढा ठेवा, म्हणजे लोकांना कात्रण घेऊन शाखेत जाता येईल.

आपला,
एक जुना वाचक