बदल एकाच बाजूने का?

महोदय,

स्त्रिया नोकरीत मोठ्या संख्येने आल्या, याचं आपण कौतुक करतो, ते योग्यच. पण पुरुष कोणत्या नव्या कामांकडे वळले, हे फारसं कुणी विचारत नाही. स्त्रिया न्यायालयात, प्रयोगशाळेत, विमानाच्या कॉकपिटमध्ये पोहोचल्या. रुग्णसेवा, पाळणाघर, बालवाडी इथे पुरुष आजही तुरळकच. या कामांना पगार कमी, मान त्याहून कमी. १९४०च्या दशकात ‘एनिॲक’ या संगणकाचं प्रोग्रॅमिंग सहा स्त्रियांनी केलं, तेव्हा ते दुय्यम काम समजलं जाई. पुढे त्यात पैसा आणि प्रतिष्ठा आली आणि ते पुरुषांचं क्षेत्र झालं!

२०२३ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळवणाऱ्या क्लॉडिया गोल्डिन यांनी दाखवून दिलं की, आजची वेतनातली तफावत मुख्यतः पहिल्या अपत्यानंतर वाढते. मुलाला ताप आला की शाळेचा फोन आधी आईलाच जातो. मीटिंग अर्धवट सोडून तीच निघते, आणि बढतीच्या वेळी ‘यांना घरचं फार असतं’ असा शेराही तिलाच मिळतो. हा अन्याय आहे.

नॉर्वेने १९९३ मध्ये पालकत्व रजेतले चार आठवडे फक्त वडिलांसाठी राखले. त्यांनी घेतले नाहीत तर ते वाया. त्यानंतर रजा घेणारे वडील झपाट्याने वाढले. अशी राखीव रजा सगळीकडेच हवी. शिवाय रुग्णसेवा आणि बालसंगोपनातले पगार वाढवावेत, म्हणजे पुरुषही तिकडे वळतील.

– एक वाचक