‘मनावर ताबा ठेवा’ म्हणणाऱ्या मंत्रिमहोदयांना खुलं पत्र

मा. मंत्रिमहोदय यांसी,
सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

वर नाव घातलेलं नाही. पत्र पोचेपर्यंत खातं तुमच्याकडेच राहील याचा भरवसा नाही, आणि मला दुसऱ्यांदा लिहायला सवड मिळायची नाही.

गेल्या वर्षी आपण कोल्हापुरात आला होता. रिझर्व्ह बँकेची परवानगी नसलेल्या मोबाईलच्या ॲपवर डॉलर-युरोचा व्यापार करून बुडालेल्या आम्हा लोकांना पुढच्या रांगेत बसवलं होतं. आपण म्हणालात, तीन महिन्यांत पैसा न् पैसा परत मिळेल. टाळ्या पडल्या, मीही वाजवल्या. त्याला आता चौदा महिने झाले. पैसे आले नाहीत. परवा मंगळवारी रजिस्टर पोस्टानं नोटीस आली. परकीय चलन व्यवस्थापन कायदा, १९९९ खाली तुमच्यावर कारवाई का करू नये, याचा पंधरा दिवसांत खुलासा करा. पोस्टमनला सही देऊन आत आलो, तर टीव्हीवर आपणच. ‘नागरिकांनी लोभ आवरावा. मनावर ताबा ठेवावा.’

म्हणून हे पत्र.

मी उद्यमनगरात जॉबवर्क करतो. दोन लेथ आणि एक व्हीएमसी (कॉम्प्युटरवर चालणारं मशीन) होती, आता एकच लेथ आहे. फौंड्रीतून कास्टिंग येतं, आम्ही मशिनिंग करून देतो, माल परदेशी जातो. डॉलर निर्यातदाराला मिळतो, आम्हाला नगामागं रुपये. पण डॉलर जरा उतरला की ‘रेट बसत नाही’ म्हणून कात्री आमच्याच बिलाला लागते. त्यामुळं डॉलरचा भाव बघायची सवय मला जुनीच.

२०१९ साली ब्रोकरकडे रीतसर खातं काढलं. राष्ट्रीय शेअर बाजारात डॉलर-रुपयाचे वायदे (आज भाव ठरवून पुढच्या तारखेचे सौदे) २९ ऑगस्ट २००८ पासून चालू आहेत, हे आपल्याला माहीत असेलच (नसलं तर आता झालं). एक लॉट हजार डॉलरचा. भाव एक पैसा हलला की दहा रुपये इकडचे तिकडे. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच. पाचनंतर मी आणि लेथ दोघंही थंड.

आणि साहेब, मनावर ताबा कसा ठेवायचा ते मी शिकलो होतो. एका सौद्यात भांडवलाच्या टक्क्यापेक्षा जास्त घालवायचं नाही. तोट्यातल्या सौद्यात भर घालून एव्हरेज करायचं नाही. रिझर्व्ह बँकेचं पतधोरण सकाळी दहाला जाहीर होतं, त्या सकाळी हात खिशात. अमेरिकेतल्या नोकऱ्यांचे आकडे बहुतेक महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी येतात, तेही आपल्याकडच्या संध्याकाळी, इथला बाजार बंद झाल्यावर. म्हणून त्या शुक्रवारी एकही सौदा उघडा ठेवून घरी जायचं नाही. माझे वडील गुळाच्या बाजारात तोलाईला होते. ते म्हणायचे, हुकलेल्या सौद्यामागं पळू नकोस, उद्या परत गूळ येतोच. क्लासवाल्यांनी हेच मला पुढं पंचवीस हजारांना विकलं.

स्टॉपलॉस, म्हणजे तोटा कुठं तोडायचा ती आधी ठरवलेली खूण, हे कोल्हापूरकराला वेगळं शिकवावं लागत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. शहाणा माणूस ३९ला जनावरं हलवतो. ‘उतरंल की पाणी’ म्हणत जो बसून राहतो, त्याला बोटीतनं काढावं लागतं. २०१९ला बघितलंय, २०२१ला बघितलंय. मी प्रत्येक सौद्याला माझे ३९ फूट आधी लिहून ठेवायचो.

लिहायचो ते आवक-जावकच्या निळ्या रजिस्टरच्या मागच्या पानांवर. भाव, लॉट, नफा-तोटा, आणि शेवटच्या रकान्यात त्या वेळी मनात काय होतं ते. ‘राग.’ ‘काल हरलेलं भरून काढायचं.’ ‘बाजूच्या कारखानदाराला फायदा झाला.’ तीन वर्षांची पानं एका रविवारी रात्री मोजली. सगळ्यात जास्त तोटा ‘राग’वर नव्हता, ‘लोभ’वर तर नव्हताच. सगळ्यात जास्त तोटा होता ‘कंटाळा’ या शब्दासमोर. मग रजिस्टर उलटं करून पुढची पानं बघितली. ज्या तारखांना कंटाळा, त्या तारखांना काम नाही. मशीन बंद, कामगार दारात तंबाखू मळत बसलेले, आणि निर्यातदाराकडं बिल अडकलेलं. छोट्या उद्योगाचे पैसे ४५ दिवसांत द्यायचे असा कायदा २००६ सालचा आहे. माझे १२० दिवसांच्या आत कधी आले, तर मी त्या दिवशी पेढे वाटतो. तर मंत्रिमहोदय, माझ्या मनाचा ताबा नेमका कोणाकडं होता?

पण ते असो. मुद्दा पुढं आहे.

५ जानेवारी २०२४ला रिझर्व्ह बँकेचं परिपत्रक निघालं. ज्याची परकीय चलनात खरी देणी-घेणी आहेत, त्यानंच या वायद्यांत यावं. ५ एप्रिलपासून लागू. ब्रोकरचे मेल सुरू झाले, कागद दाखवा नाहीतर पोझिशन मोकळी करा. कागद कुठला दाखवू? डॉलरचा कागद निर्यातदाराच्या फायलीत, डॉलरचा चटका माझ्या बिलात. मी ऑप्शन (ठरल्या भावाला डॉलर घ्यायचा-विकायचा हक्क) विकून बसलो होतो, म्हणजे बाहेर पडायचं तर तोच परत विकत घ्यायचा. सगळे एकाच दारातून बाहेर पळायला लागले आणि प्रीमियम, म्हणजे ऑप्शनचे भाव, भडकले. ६२ हजारांची खोट खाऊन मी बाहेर पडलो. दुसऱ्या दिवशी, ४ एप्रिलला, मुदत ३ मेपर्यंत वाढली! वर स्पष्टीकरण आलं की धोरणात काही बदल नाही, नियम पहिल्यापासून हाच आहे. पहिल्यापासून हाच होता तर इतकी वर्षं मला कागद का कुणी विचारला नाही?

कायदेशीर दाराला कडी लागली. त्याच आठवड्यात मोबाईलवर जाहिरात आली, ‘करन्सी ट्रेडिंग बंद? आमच्याकडं २४ तास चालू.’ परिपत्रक मला ब्रोकरकडून कळलं, त्या लोकांनी मात्र ते बारकाईनं वाचलं होतं.

लोभ होता का? होता. तो काय फक्त मंत्रालयात मिळतो? पण त्या ॲपची रचना बघा. एकास पाचशे लेव्हरेज. हजार डॉलर भरले की पाच लाख डॉलरचा सौदा. भाव टक्क्याचा पाचवा हिस्सा उलटा गेला की खातं साफ. इथं ३९ फूट आणि ४३ फूट यांच्यात बोटभरही अंतर नाही. बाजार आपल्याकडच्या सोमवारी पहाटे उघडतो आणि शनिवारी पहाटे मिटतो. आमच्या कारखान्याला सुट्टी सोमवारीच. पहाटे तीनला उठून अंथरुणात, बायकोला उजेड दिसू नये म्हणून चादरीत मोबाईल धरून, मी युरो विकत होतो. पन्नाशीचा माणूस.

मग तो क्लास. फी २५ हजार, वर १८ टक्के जीएसटी, पावती आहे माझ्याकडं. म्हणजे आमचा बळी देताना सरकारनं आपला वाटा पक्क्या बिलावर घेतला. सर चांगले बोलायचे. १६ सप्टेंबर १९९२ला जॉर्ज सोरोस या अमेरिकी सट्टेबाजानं पौंड विकून कसा पैसा केला ते रंगवून सांगायचे. कानेमान आणि ट्वेर्स्की या दोघा मानसशास्त्रज्ञांनी १९७९ला काय मांडलं तेही सांगायचे. हजार मिळाल्याचा आनंद जेवढा, त्यापेक्षा जास्त दुःख हजार गेल्याचं, म्हणून माणूस तोट्यातला सौदा सोडत नाही आणि नफ्यातला घाईनं काढतो. शब्द न् शब्द खरा. फक्त आम्ही टाकलेल्या प्रत्येक सौद्यावर सरांना ॲपकडून कमिशन मिळतं, हे तेवढं सांगायचं राहिलं. आमचं मानसशास्त्र आमच्यापेक्षा त्यांनाच जास्त कामाला आलं.

पडद्यावर १९,४०० डॉलर दिसत होते. मुलीची इंजिनीअरिंगची फी भरायला त्यातले दोन हजार काढायला गेलो. उत्तर आलं, आधी ३० टक्के टॅक्स जमा करा. केला. मग ‘खातं पडताळणी’, ती केली. प्रत्येक वेळी यूपीआयवर वेगळं नाव. एकदा चिकन सेंटर, एकदा साडीचं दुकान, एकदा परराज्यातली कोणी बाई. बायकोच्या पाटल्या तारण, एक लेथ आणि व्हीएमसी विकलेली, मिळून ११ लाख ४० हजार. माझ्या स्वतःच्या खात्याची केवायसी बँक वर्षात तीनदा मागते, अंगठा दोनदा घेते. त्या चिकन सेंटरच्या खात्यातून दिवसाला लाखो रुपये कसे वाहतात, याचा कंटाळा बँकेला नाही, तुम्हाला नाही.

सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन केला, तक्रार क्रमांक मिळाला. ठाण्यात गेलो तर पहिला प्रश्न, हद्द कुठली? पैसे गेले आंतरजालात, तिथं हद्दीचा दगड मी कुठं शोधू?

परवानगी नसलेल्या चलन-व्यापारवाल्यांची रिझर्व्ह बँकेची सावधानतेची यादी आहे, मान्य. सप्टेंबर २०२२ला ३४ नावांनी सुरू झाली, पुढं वाढत गेली. माझं ॲप त्यात नव्हतं. आणि सोबत सांगून ठेवलेलं असतं की यादीत नसलेल्यालाही अधिकृत समजू नका. वा! म्हणजे पाणी घरात आलं तरी, न आलं तरी, जबाबदार आपणच. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीनं सप्टेंबर २०२४ला सांगितलं की शेअरच्या वायदेबाजारात तीन वर्षांत ९३ टक्के सामान्य लोक तोट्यात गेले, १.८ लाख कोटी गेले. चलनात माझ्या मते शंभरात अठ्ठ्याण्णव असतील. कुठं मोजलं म्हणाल, तर आमच्या चहाच्या गाड्यावर. तुमचा आकडा वेगळा असला तर द्या.

आता नोटिशीचं. या कायद्याच्या १३व्या कलमात रकमेच्या तिप्पट दंड होऊ शकतो. ११ लाख ४० हजाराच्या तिप्पट ३४ लाख २० हजार. चोरानं नेलं त्याच्या तिप्पट सरकारनं न्यायचं, आणि तेही कशाच्या जोरावर? मीच विश्वासानं दिलेल्या तक्रारीच्या! आमच्या गल्लीत बुडालेले आणखी सात-आठ आहेत. माझी नोटीस बघून एकही आता तक्रार द्यायला तयार नाही. ॲपवाल्यांना यापेक्षा चांगलं संरक्षण कुठल्या वकिलानं दिलं असतं?

मशीनसाठी कर्ज मागितलं तर सात महिने आणि घराचा उतारा. मोबाईलवर जुगाराला पैसे हवेत तर सात मिनिटं. तालमीत वस्ताद डाव शिकवायच्या आधी पडायला शिकवतो. तुम्ही लोक आम्हाला ढकलता आणि पडल्यावर व्याख्यान देता. शाहू महाराजांनी १८९५ला शाहूपुरीची पेठ वसवली, ती इथला व्यापार वाढावा म्हणून. आज डॉलरचा बाजार कोणाच्या हातात आहे, विचारायची सोय नाही.

माझं मागणं फार नाही. जो फसला आणि स्वतःहून सांगायला आला, त्याच्यावर हा कायदा लावू नका. जॉबवर्कवाल्याचं बिल डॉलरवर हलत असेल, तर त्याला चार-पाच लॉटपुरतं रीतसर दार उघडा. पैसे ज्या खात्यांत गेले ती नावं, तारखा, क्रमांक सगळं मी दिलेलं आहे, निदान ती खाती तरी गोठवा. आणि तीन महिन्यांचं जे बोलला होता, त्याची नवी तारीख सांगा. तुमचा स्टॉपलॉस कुठं आहे ते कळलं म्हणजे आम्हाला आमचा लावता येईल.

कळावे, लोभ असावा (आवरून).

आपला,
उद्यमनगरातला एक जॉबवर्कवाला

ता. क. : पत्र लिहून झाल्यावर फोन आला. ‘सर, तुमचे पैसे त्या ॲपमध्ये अडकलेत ना? आम्ही सोडवून देतो. तीस हजार प्रोसेसिंग.’ माझी रक्कम त्याला रुपयापर्यंत बरोबर माहीत होती. ती मी फक्त तक्रारअर्जात लिहिली होती. नंबर कळवायला आपल्या कार्यालयात फोन लावला. जेवणाची सुट्टी चालू होती.