शॅमेलिऑनला काठी द्या, काठीने मारू नका

महोदय,

पावसाळा सरता सरता गोरेवाडा, हिंगण्याकडच्या रस्त्यांवर हिरवा शॅमेलिऑन सरडा झुलत झुलत चालताना दिसतो. एरवी झाडावरच राहणारी मादी मातीत अंडी घालायला खाली उतरते, आणि नेमकी तेव्हाच गाडीखाली किंवा काठीखाली मरते. त्याची फुंकर विषारी असते, हा समज साफ खोटा आहे. अंग फुगवून फुसफुसणे ही नुसती धमकी. त्याच्याकडे विष नाहीच.

रस्त्यावर दिसला तर बोटाएवढी जाड, हातभर लांब काडी त्याच्या पुढच्या पायांसमोर आडवी धरा. चिमट्यासारख्या बोटांनी तो स्वतःच ती पकडतो. चारही पाय वर आल्यावरच उचला. शेपटी ओढू नका. पालीसारखी ती पुन्हा उगवत नाही. ज्या दिशेने निघाला होता त्याच बाजूच्या झुडपावर सोडा, उलट नेला तर पुन्हा रस्त्यावर येतो. माती उकरत असेल तर मात्र हातच लावू नका. बरणीत घालून घरी नेणे तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हाच आहे.

– एक निसर्गप्रेमी वाचक, नागपूर